विश्लेषण : बाळाच्या कार्डवरचा ‘ॲपगार स्कोअर’ काय सांगतो? ज्यांच्या नावाने तो ओळखला जातो त्या डॉ. व्हर्जिनिया ॲपगार कोण होत्या?

बाळंतपणानंतर रुग्णालयातून मिळणाऱ्या कागदांवर बाळाचे वजन आणि जन्मवेळ यांच्याजवळ आणखी एक नोंद असते : ॲपगार ८/१०, ९/१०. अनेकांना हे एखादे इंग्रजी लघुरूप वाटते. प्रत्यक्षात ते एका अमेरिकन भूलतज्ज्ञाचे आडनाव आहे. आज मुदतीआधी जन्मलेल्या बाळाला काही मिनिटांत एनआयसीयूत नेऊन काचेच्या पेटीत ठेवले जाते. त्यासाठी जन्मताच बाळाकडे नीट पाहण्याची शिस्त लागते. ती लावण्यात या डॉक्टरांचा मोठा वाटा आहे.

सर्जन व्हायचे होते, मग भूलतज्ज्ञ कशा झाल्या?

व्हर्जिनिया ॲपगार यांचा जन्म ७ जून १९०९ रोजी न्यू जर्सीतील वेस्टफिल्ड येथे झाला. त्यांचा एक भाऊ लहानपणीच क्षयाने गेला. १९३३ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून वैद्यकीय पदवी घेतली. वर्गात त्यांचा चौथा क्रमांक होता. त्यांना शस्त्रक्रियेतच काम करायचे होते. पण तो महामंदीचा काळ होता आणि महिला सर्जनकडे रुग्ण येणे अवघड होते. विभागप्रमुख ॲलन व्हिपल यांनी त्यांना भूलशास्त्राकडे वळण्याचा सल्ला दिला. तेव्हा अमेरिकेत भूल देण्याचे काम बहुतेक परिचारिकाच करत.

प्रशिक्षण घेऊन १९३८ मध्ये त्या कोलंबियाच्या रुग्णालयात भूल विभागाच्या प्रमुख म्हणून परतल्या. १९४९ मध्ये त्या तेथील वैद्यकीय महाविद्यालयातील ‘फुल प्रोफेसर’ झालेल्या पहिल्या महिला ठरल्या. मात्र, भूलशास्त्राचा स्वतंत्र विभाग झाल्यावर त्याचे प्रमुखपद पुरुष सहकाऱ्याकडे गेले. प्रशासनातून मोकळ्या झालेल्या ॲपगार यांनी प्रसूतिगृहातल्या कामावर लक्ष केंद्रित केले.

प्रसूतिगृहात काय खटकले?

त्या काळी अमेरिकेत एकूण बालमृत्यू घटत होते, पण जन्मानंतरच्या पहिल्या २४ तासांतील मृत्यू फारसे कमी होत नव्हते. प्रसूतीनंतर डॉक्टरांचे लक्ष आईवर असे. बाळाकडे नेमके कोणी आणि काय पाहायचे, याची ठरलेली पद्धत नव्हती. निळे पडलेले, फार लहान किंवा नीट श्वास न घेणारे बाळ जगणार नाही असे गृहीत धरून त्याच्यावर उपचारच होत नसत, असे अनेकदा घडे.

एका विद्यार्थ्याने नवजात बाळाची स्थिती कशी जोखायची असे विचारले, तेव्हा ॲपगार यांनी हाताशी असलेल्या कागदावर पाच मुद्दे लिहून दिले, असे सांगितले जाते. ही पद्धत त्यांनी १९५२ मध्ये परिषदेत मांडली आणि १९५३ मध्ये शोधनिबंधातून प्रसिद्ध केली.

दहा गुण कशाचे?

पुढील पाच गोष्टींना प्रत्येकी ०, १ किंवा २ गुण दिले जातात.

• हृदयाचे ठोके : मिनिटाला १०० पेक्षा जास्त असतील तर २
• श्वास : जोरात रडत असेल तर २
• स्नायूंची ताकद : हातपाय हलवत असेल तर २
• प्रतिसाद : नाकात नळी घातल्यावर शिंकले, खोकले किंवा रडले तर २
• रंग : सर्वांग गुलाबी असेल तर २

पहिली नोंद एका मिनिटाला होते. पाचव्या मिनिटाची नोंद पुढे रूढ झाली. पाच मिनिटांनी गुण ७ पेक्षा कमी असतील तर दर पाच मिनिटांनी, २० मिनिटांपर्यंत पुन्हा पाहिले जाते. यासाठी कोणतेही महागडे यंत्र लागत नाही.

त्याने काय बदलले?

पहिल्याच अभ्यासात ० ते २ गुण मिळालेल्या बाळांपैकी सुमारे १४ टक्के दगावली होती, तर ८ ते १० गुणांच्या बाळांमध्ये हे प्रमाण ०.१३ टक्के होते. कोणते बाळ धोक्यात आहे, हे आता आकड्यात दिसू लागले. ॲपगार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाळांच्या रक्तातील ऑक्सिजन आणि आम्लता मोजली. आईला दिलेल्या सायक्लोप्रोपेन या भूलवायूने बाळ मंदावते, हेही त्यातून पुढे आले आणि प्रसूतीत त्याचा वापर घटला.

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत नवजात बाळांसाठी अतिदक्षता विभाग सुरू होऊ लागले, तोवर ही मोजणी प्रसूतिगृहांत पोहोचली होती. १९६२ मध्ये बालरोगतज्ज्ञ जोसेफ बटरफिल्ड यांनी ॲपगार या नावातील पाच इंग्रजी अक्षरांवर पाच मुद्दे बसवले. लघुरूपाचा गैरसमज तिथूनच आला.

पुढचे आयुष्य कसे होते?

१९५९ मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी जॉन्स हॉपकिन्समधून सार्वजनिक आरोग्याची पदवी घेतली आणि ‘मार्च ऑफ डाइम्स’ या संस्थेत जन्मजात दोषांवर काम सुरू केले. मुदतपूर्व जन्माचा प्रश्नही त्यांनी लावून धरला. रस्त्यात कोणाचा श्वास अडला तर मदत करता यावी म्हणून त्या जवळ छोटा चाकू आणि श्वासनलिकेत घालायची नळी बाळगत. ७ ऑगस्ट १९७४ रोजी, जिथे त्यांनी कारकीर्द घडवली त्याच रुग्णालयात त्यांचे निधन झाले.

गुण कमी आले तर घाबरायचे का?

या आकड्यावरून बाळाची बुद्धी किंवा भविष्य ठरत नाही. पहिल्या मिनिटाला निरोगी बाळाचेही हातपाय निळसर असतात, त्यामुळे पूर्ण १० गुण क्वचितच मिळतात. मुदतीआधी जन्मलेल्या बाळाचे स्नायू आणि प्रतिक्रिया पुरेशा विकसित नसतात, म्हणून त्याचे गुण मुळातच कमी येऊ शकतात. श्वास न घेणाऱ्या बाळावर उपचार सुरू करण्यासाठी डॉक्टर या नोंदीची वाट पाहत नाहीत. पाचव्या मिनिटाचा आकडा पहिल्यापेक्षा वाढला असेल, तर बाळ सावरत आहे असा त्याचा अर्थ असतो. शंका असल्यास डिस्चार्जपूर्वी बालरोगतज्ज्ञांना जरूर विचारा.