शब्दांना स्टेजवर आणणारा मास्तर

मोबाइलवर जर्मन किंवा जपानी शिकत असाल, तर चित्र बघून शब्द ओळखायचा खेळ तुम्ही खेळलाच असाल. या खेळाचा पणजोबा म्हणावं असं पुस्तक १६५८ साली न्यूरेंबर्गला छापलं गेलं. ते लिहिलं यान आमोस कोमेन्स्की याने. जग त्याला कोमेनियस म्हणतं.

१५९२ मध्ये मोरावियात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात, त्याचा जन्म झाला. लहानपणीच आईवडील गेले. लॅटिन शाळेत पाय ठेवायला सोळावं वर्ष उजाडलं! तेव्हाचं लॅटिन शिक्षण म्हणजे आधी व्याकरणाची घोकंपट्टी आणि वर छडी. बाकीची पोरं लहान होती. याला मात्र वेळ वाया जातोय हे दिसत होतं.

पुढे तो प्रोटेस्टंट धर्मोपदेशक झाला. युद्धात घर सुटलं, साथीत बायको आणि दोन मुलं गेली. पोलंडमधल्या लेश्नो गावात निर्वासित म्हणून राहताना, १६३१ मध्ये, त्याने लॅटिनचे सुमारे आठ हजार शब्द हजारेक वाक्यांत ओवले. पुस्तक युरोपभर गाजलं.

पण खरी गंमत हंगेरीतली. १६५० मध्ये शारोश्पतकच्या शाळेत बोलावणं आलं, तिथे त्याने त्याच पुस्तकाची आठ नाटकं केली. टॉलेमी राजा दरबार भरवून बसलाय, एकेक मुलगा पुढे येतो आणि झाडं, धातू, सुताराची हत्यारं यांची नावं, उपयोग सांगतो. सगळं लॅटिनमध्ये! गॅदरिंगला एकदा पाठ केलेला डायलॉग तुम्ही अजून विसरला नसाल, मग त्याचं गणित समजेल.

तिथेच ते चित्रांचं पुस्तक लिहून झालं. दीडशे पाठ, चित्रातल्या वस्तूंना आकडे, तेच आकडे शेजारच्या लॅटिन-जर्मन शब्दांना. अक्षरओळख प्राण्यांच्या आवाजांतून, 'ब' शिकवायला कोकराचं बेंऽ बेंऽ. मुलांना ही चित्रं बघू द्या, हाताने काढूही द्या, असं त्याने प्रस्तावनेत शिक्षकांना सुचवलं होतं.

हे पुस्तक छापून येण्याआधीच, १६५६ मध्ये, युद्धात लेश्नो जळालं. तोवर तो तिथे परतला होता. चाळीसहून जास्त वर्षं शब्द-शब्द गोळा करून केलेला त्याचा चेक-लॅटिन कोश त्या आगीत गेला. तो आम्सटरडॅमला गेला आणि १६७० मध्ये तिथेच वारला. शेवटपर्यंत लिहीत होता, पण तो कोश काही पुन्हा उभा राहिला नाही.