बडोद्याच्या आखाड्यातून लोणावळ्याला

लोणावळ्याला गेलेले आम्ही बडोदेकर चिक्कीची पुडकी न विसरता आणतो. कैवल्यधामाची पाटीही दिसते. पण ती संस्था काढणारे स्वामी कुवलयानंद आपल्याच मुलखातले, हे आपल्या घरांत आता फारसे कुणी सांगत नाही. याची आम्हाला रुखरुख वाटते, म्हणून हे टिपण.

त्यांचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म डभोईचा, ३० ऑगस्ट १८८३ चा. मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवून ते बडोदा कॉलेजात आले. पण त्यांचे खरे शिक्षण झाले ते जुम्मादादा व्यायामशाळेत. १९०७ ते १९१० ही तीन वर्षे राजरत्न माणिकरावांच्या हाताखाली त्यांनी अंगमेहनत केली. एकट्याने घाम गाळणे वेगळे आणि शेकडो मुलांना रांगेत उभे करून, देशी हुकमांवर एका लयीत व्यायाम करवणे वेगळे. ही दुसरी विद्या माणिकरावांकडे होती.

१९१६ साली गुणे अमळनेरला खानदेश एज्युकेशन सोसायटीत गेले आणि पुढे तिथल्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. १९२३ मध्ये सरकारी रोषामुळे ते महाविद्यालय बंद पडले.

त्याआधीच, १९१९ साली, नर्मदाकाठच्या मालसरला त्यांना परमहंस माधवदासजी भेटले होते. तिथे योग शिकताना गुण्यांमधला मास्तर जागाच राहिला. नौली केल्याने पोटात नेमके काय होते, हे केवळ गुरूंवर श्रद्धा ठेवून त्यांना मान्य करायचे नव्हते. मग बडोद्याच्याच इस्पितळात क्ष-किरणांच्या यंत्रापुढे विद्यार्थ्यांना उभे करून त्यांनी तपासण्या केल्या. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, असे आढळले. बस्तीत पाणी आत कसे खेचले जाते, याचा उलगडा त्यातून झाला. या निर्वात अवस्थेला त्यांनी नाव दिले गुरूंचे, ‘माधवदास व्हॅक्यूम’! यंत्राने सिद्ध केलेल्या गोष्टीला संन्याशाचे नाव देणारा हा माणूस आम्हाला फार आवडतो.

१९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम उभे राहिले आणि ‘योगमीमांसा’ हे नियतकालिकही त्याच वर्षी सुरू झाले. महात्माजींनी प्रकृतीसाठी त्यांचा सल्ला घेतला, त्यामुळे नाव सर्वदूर गेले. आम्हाला मात्र त्याहून मोलाचे वाटते ते त्यांचे सांघिक यौगिक व्यायामाचे काम. आसने गुहेतून काढून शाळेच्या मैदानावर आणायची, तर मुलांना ओळीने उभे करून आकड्यांवर ती करवता आली पाहिजेत. माणिकरावांच्या शिष्याला हे अवघड नव्हते.

१९५० च्या सुमारास त्यांनी लोणावळ्यातच योगाचे स्वतंत्र महाविद्यालय सुरू केले. अमळनेरचे बंद पडलेले कॉलेज तेव्हा त्यांना आठवले असेलच. १८ एप्रिल १९६६ रोजी ते गेले.

पुढच्या वेळी चिक्की घेण्याआधी तिकडे पाऊल वळवा, आणि मुलांना बरोबर न्या.