तुकोबांच्या वाटेने ख्रिस्तापाशी

नाताळात मराठी ख्रिस्ती बांधव जी भजने आळवितात, त्यांतील कितीतरी रेव्हरंड नारायण वामन टिळकांची आहेत. ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी, चित्पावन घराण्यात त्यांचा जन्म झाला. ईश्वराचे खरे स्वरूप कोणते, या तळमळीने त्यांना आयुष्यभर स्वस्थता लाभू दिली नाही.

१८९३ साली राजनांदगावच्या प्रवासात एका सहप्रवाशाने त्यांच्या हाती ‘नवा करार’ ठेविला. वैऱ्यावरही प्रीती करावयास सांगणारे ख्रिस्ताचे गिरिप्रवचन त्यांच्या अंतःकरणास भिडले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

त्याची झळ सर्वाधिक लागली ती पत्नी लक्ष्मीबाईंना. पती हयात असता विरह! लहानग्या दत्तूला घेऊन त्या माहेरच्यांच्या आधाराने राहिल्या. पुढे पतीकडे परतल्या, तरी आपले सोवळे त्यांनी सोडले नाही, आणि टिळकांनीही बळजबरी केली नाही. १९०० साली लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला, तो स्वतःची खात्री पटल्यावरच. हा संयम आम्हांस टिळकांच्या काव्याहूनही थोर वाटतो.

अहमदनगरच्या त्यांच्या घरात तरुण बालकवींनाही मायेचा आसरा मिळाला. तुकोबांच्या अभंगांनीच आपणांस ख्रिस्तापर्यंत पोचविले, हे ऋण टिळक उघडपणे मानीत. ख्रिस्तकथाही ते कीर्तनातून सांगत. १९१७ साली त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभारला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले तेथे बंधुभावाने एकत्र यावेत, ही त्यांची मनीषा होती. दोनच वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांनी देह ठेविला.