मैहरचे बाबा : उस्ताद अल्लाउद्दीन खाँ

मुंबईहून जबलपूरमार्गे प्रयाग-काशीस जाणारे कित्येक यात्रेकरू कटनी व सतना यांच्या दरम्यान मैहर स्थानकावर उतरून त्रिकूट पर्वतावरील शारदामातेचे दर्शन घेतात. हजाराहून अधिक पायऱ्या चढून दमलेल्या भाविकांस बहुधा ठाऊक नसते की, याच गावी उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांनी अर्धशतकाहून अधिक काळ वाद्यसाधना केली. ते धर्मनिष्ठ मुसलमान होते आणि शारदामातेचे निस्सीम भक्तही होते.

त्यांचा जन्म आताच्या बांगलादेशातील शिवपूरचा. बालवयातच संगीताच्या ओढीने त्यांनी घर सोडले. कलकत्त्यास गोपालचंद्र भट्टाचार्य यांनी बारा वर्षे केवळ स्वरांचा अभ्यास करण्याच्या अटीवर त्यांस शिष्य केले. सुमारे सात वर्षे लोटली आणि गुरू प्लेगने निवर्तले. त्या शोकात शिष्याने गायन कायमचे सोडले व तो वाद्यांकडे वळला. गोव्याचे बँडमास्टर लोबो यांच्याकडे ते व्हायोलिन शिकले. सनई, पखवाज आदी वाद्येही हस्तगत केली.

इतकी वाद्ये येऊ लागल्यावर मनात अहंकार शिरला. तो मुक्तागाछा येथील दरबारात उतरला. तेथे अहमद अली खाँ यांचा सरोद ऐकून त्यांचे डोळे वाहू लागले आणि पुढे सरोद हेच ध्येय झाले. तानसेनाच्या परंपरेतील बीनकार वजीर खाँ यांचे शिष्यत्व मिळावे म्हणून त्यांनी रामपूरच्या नवाबांच्या मोटारीपुढे स्वतःस झोकून दिले, असे सांगतात. शिष्यत्व मिळाले, विद्या मात्र मिळेना. पुत्रवियोगानंतर वजीर खाँ यांचे मन द्रवले, तेव्हा कोठे खरी तालीम सुरू झाली. दोन महिन्यांत मैफलीची आशा धरणाऱ्या आजच्या पालकांस हे पटणे कठीण आहे.

१९१८ च्या सुमारास मैहरचे राजे ब्रिजनाथ सिंह यांनी त्यांस गुरुस्थानी मानले. तापाच्या साथीत पोरकी झालेली मुले गोळा करून बाबांनी वाद्यवृंद उभा केला. बंदुकीच्या नळ्यांपासून त्यांनी 'नलतरंग' हे वाद्य घडविले. स्वतःसाठी चाललेला रियाज आता या मुलांसाठी होऊ लागला. शिकविताना मात्र ते अत्यंत कडक, प्रसंगी हात उगारणारे होते.

थोरल्या कन्येस संगीतापायी सासरी छळ सोसावा लागला, म्हणून धाकटीस शिकवायचे नाही असे त्यांनी ठरविले होते. एके दिवशी बाजारातून परतताना, धाकटी अन्नपूर्णा भाऊ अली अकबर याची चूक अचूक सुधारताना त्यांच्या कानी पडली. पित्याचा निर्धार तेथेच गळाला. याच अन्नपूर्णादेवींनी पुढे मुंबईत प्रसिद्धीपासून दूर राहून, २०१८ मध्ये देह ठेवीपर्यंत विद्यादान केले. रविशंकर, निखिल बॅनर्जी व बासरीवादक पन्नालाल घोष हेही बाबांचेच शिष्य.

१९७१ साली त्यांस पद्मविभूषण लाभले. ६ सप्टेंबर १९७२ रोजी मैहर येथे त्यांचे निधन झाले. देवीदर्शन आटोपून गाडीस अवधी असल्यास गावातील त्यांचे 'मदिना भवन' हे घर भाविकांनी अवश्य पाहावे.