जुनी गिटार घेण्याआधी मिरजेच्या खाँसाहेबांना भेटा

कॉलेजं सुरू व्हायच्या दिवसांत नागपुरात एक गोष्ट हमखास दिसते. पुण्या-बंगळुरूला नोकरीला निघालेली पोरं गिटार विकायला काढतात आणि नुकतीच ॲडमिशन झालेली पोरं तशीच गिटार शोधत असतात. फोटो चकाचक, खाली एक ओळ की सहाच महिने वापरली आहे, आणि किंमत नव्याच्या निम्मी. मग ऑफिसातले ज्युनिअर मला विचारतात, घेऊ का? आणि ट्यूनर ॲप कोणतं टाकू?

ॲप कोणतंही टाका, चालेल. पण वाद्य जुनं होतं म्हणजे त्यात नेमकं काय बदलतं, हे कळायला मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो एका गायकाच्या आयुष्याचा. गिटारशी त्यांचं नाव कुणी जोडत नाही. ते म्हणजे किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ. भीमसेन जोशींचे गुरू सवाई गंधर्व, त्यांचे हे गुरू. लहानपणी यांची रेकॉर्ड ऐकूनच भीमसेन घर सोडून गुरू शोधायला निघाले होते.

अब्दुल करीम यांचा जन्म १८७२ चा, उत्तर प्रदेशातल्या कैराना गावचा. किराणा हे नाव त्या गावावरूनच आलं. घरात गाणं होतं, तशीच सारंगी आणि बीनही होती. म्हणजे पोरगं वाढलं ते तारा, खुंट्या आणि लाकूड यांच्यातच. गळा तयार होण्याआधीच कान वाद्याला सरावलेला असणार. पुढे वाद्यं दुरुस्त करण्यात त्यांचा चांगला हातखंडा होता. एवढा मोठा गवई तंबोऱ्याचं काम स्वतःच्या हाताने करायचा, हे मला फार आवडतं. आपल्याकडे उत्तम कोड लिहिणारे पण लॅपटॉपचा पंखासुद्धा न उघडलेले लोक ढिगाने आहेत!

भाऊ अब्दुल हक यांच्यासोबत ते १८९० च्या दशकात बडोद्याला सयाजीराव गायकवाडांच्या दरबारात पोचले. नाव झालं, आणि वादळही आलं. सरदार मारुतीराव माने यांची मुलगी ताराबाई त्यांच्याकडे गाणं शिकत होती. दोघांचं जमलं. तो काळ बघता हे बडोद्यात राहून शक्यच नव्हतं, म्हणून दोघं मुंबईला निघून गेले. दरबाराची नोकरी, मान, सगळं मागे राहिलं. नंतर हे कुटुंब मिरजेत आलं. प्लेगच्या साथीत खाँसाहेब आजारी पडले, ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांनी गाऊन सेवा केली आणि ते बरे झाले, असं मिरजेत सांगतात. काही असो, पुढे मिरज हेच त्यांचं गाव झालं.

इथे थोडं थांबू, कारण मिरज हे वाद्यांच्या दृष्टीने साधं गाव नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात तिथल्या फरीदसाहेब शिकलगार यांनी सतार आणि तंबोरे बनवायला सुरुवात केली. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार लावणारे. तलवारींचे दिवस संपत आले आणि तीच हातातली कला लाकडाकडे वळली. त्यांच्या पुढच्या पिढ्या सतारमेकर म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे मोठे कडू भोपळे वाळवून त्यांचा तंबोरा होतो. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय टॅग मिळाला. आपल्या नागपूरहून महाराष्ट्र एक्स्प्रेस थेट मिरजेला जाते. वेळ लागतो, पण जमलं तर ती गल्ली एकदा बघून याच. तर अशा गावात कानाचा पक्का गवई राहायला आला. कारागिराच्या हातात कानस आणि समोर खाँसाहेबांचा कान, यातून तंबोऱ्याचा आवाज सुधारत गेला नसता तरच नवल.

तंबोऱ्याचा जीव कशात असतो? घोडीत, म्हणजे ज्या पट्टीवरून तारा जातात त्या ब्रिजमध्ये. गिटारच्या ब्रिजवर पांढरी उभी पट्टी असते, तिला सॅडल म्हणतात. तिथे तार एका बारीक रेषेवर टेकते. तंबोऱ्याची घोडी मात्र रुंद असते आणि वरून अगदी किंचित गोलसर घासलेली असते. तार हलली की तिचा टेकायचा बिंदू या उतारावर पुढे-मागे सरकतो आणि तारेतून वरचे वरचे स्वर फुलायला लागतात. हा घासलेला पृष्ठभाग म्हणजे जवारी. तार आणि घोडी यांच्यात सुती दोरा सरकवून ती नेमकी जागा शोधतात. दोरा केसभर हलला तरी आवाज मिटतो किंवा उघडतो.

सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये यावर एक शोधनिबंध लिहिला होता. साधी तार बरोबर मध्यावर छेडली तर तिच्यातला दुसरा, चौथा असे सम क्रमांकाचे स्वरांश येऊ नयेत, असा नियम आहे. वीणा आणि तंबोऱ्यात तो नियम मोडतो, आणि त्याला कारण ही गोलसर घोडी, हे रामन यांनी दाखवलं. म्हणजे सगळा खेळ मिलिमीटरच्याही एका अंशाचा.

आता गिटारकडे या. तंबोऱ्यात जी झणझण मुद्दाम घडवतात, तीच गिटारमध्ये बिघाड असते. जुन्या गिटारच्या नटची खाच झिजून सपाट झाली किंवा एखादी फ्रेट वर आली, की तार नको तिथे घासते आणि गिटार सतारीसारखी बोलायला लागते. विकणारा म्हणेल, तारा बदलल्या की जाईल. दर वेळी जात नाही. प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर एकदा वाजवून बघा, पाच मिनिटं लागतात. बाराव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यातलं अंतर मोजा. साधारण दोन ते अडीच मिलिमीटर असेल तर हात दुखणार नाही, चारच्या आसपास असेल तर विचार करा. सॅडल घासून हे अंतर कमी करता येतं, पण सॅडल एक मिलिमीटर घासली तर बाराव्या फ्रेटवर फक्त अर्धा मिलिमीटर कमी होतो, कारण ती फ्रेट तारेच्या मध्यावर असते. म्हणून सॅडल आधीच घासून संपत आलेली असेल तर पुढे वाव नाही, हे फोटोत कधीच दिसत नाही.

खाँसाहेबांकडे परत जाऊ. १९१३ मध्ये त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढलं. शाळेचा खर्च भागवायला जलसे करायचे, तिकीट लावायचं. त्यांच्या टिपू नावाच्या कुत्र्यालाही त्यांनी सुरात आवाज लावायला शिकवलं होतं, असा किस्सा प्रसिद्ध आहे. (आज असता तर रील व्हायरल झालं असतं.)

याच काळात सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल आणि ब्रिटिश न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमेंट्स हे बावीस श्रुतींचं गणित मांडायच्या मागे होते. त्यांना मोजायला खात्रीचा गळा हवा होता, तो खाँसाहेबांनी दिला. परंपरेतला उस्ताद आणि आकडेमोड करणारे दोन सरकारी अधिकारी एकत्र बसले, हे त्या काळात सोपं नव्हतं. त्या गणितावरून श्रुती हार्मोनियम बनली आणि १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत ती मांडली गेली. तिथल्या जाणकारांना ती पटली नाही. माझ्या मते प्रयोग फसला तरी मापायला तयार होणं हीच मोठी गोष्ट होती.

ते काय मोजत होते, ते तुमच्या फोनवर कळू शकतं. सा २४० हर्ट्झचा धरा. तंबोऱ्यातून आपोआप उमटणारा गंधार ५ भागिले ४ या प्रमाणात येतो, म्हणजे ३०० हर्ट्झ. गिटारच्या फ्रेटवरचा तोच गंधार येतो सुमारे ३०२.४ हर्ट्झवर, कारण फ्रेट सप्तकाचे बारा सारखे भाग करून बसवलेल्या असतात. ट्यूनर ॲप दुसऱ्या आकड्याला हिरवा दिवा लावतं. गिटारसाठी ते बरोबरच आहे. पण खाँसाहेबांचा गंधार ऐकताना ॲप लावलंत आणि काटा हलला, तर सूर चुकला असं समजू नका.

ॲपचा खरा उपयोग वेगळा आहे. बाराव्या फ्रेटवर तारेला नुसता स्पर्श करून येणारा स्वर आणि तीच फ्रेट दाबून येणारा स्वर, दोन्ही ॲपवर बघा. नव्या तारा असूनही फरक मोठा असेल तर ती गिटार वरच्या फ्रेटवर बेसूरच वाजणार.

१९२२ च्या सुमारास ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. मुलांनी वडिलांचं नाव लावलं नाही. हिराबाई बडोदेकर, सुरेशबाबू माने, सरस्वती राणे ही ती मुलं. मराठी संगीतातली एवढी मोठी नावं, आणि वडील दूर मिरजेत. पुण्या-मुंबईची शाळाही टिकली नव्हती. सगळं असं सुटत गेलं तरी त्यांच्या गाण्यातला तो शांत, लांब, एका स्वरावर थांबणारा आलाप तसाच राहिला, किंबहुना जास्त खोल झाला. हे तुम्ही स्वतः तपासू शकता. त्यांच्या रेकॉर्ड दोन काळांतल्या आहेत. १९०५ च्या सुमारासच्या रेकॉर्ड भोंग्यात तोंड घालून गायलेल्या, विजेशिवायच्या. तंबोऱ्यासारखा मंद आवाज भोंग्यात नीट पकडला जात नसे. १९३० च्या दशकातल्या रेकॉर्ड मायक्रोफोनवरच्या. दोन्ही हेडफोन लावून लागोपाठ ऐका, तीन-तीन मिनिटांच्याच आहेत.

दक्षिणेतही त्यांना मान होता. म्हैसूर दरबारात ते गायले, त्यागराजांची एक रचनाही त्यांनी रेकॉर्ड केली. प्रवास सतत, आणि तंबोरे बरोबर. मिरजेची हवा एक, मद्रासची दमट हवा दुसरी. लाकूड हवेतलं पाणी पितं आणि सोडतं, त्यामुळे गाव बदललं की जवारी आणि सूर परत बघावा लागतो.

नागपूरकरांनी हे वाक्य दोनदा वाचावं. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा पंचेचाळीसला जातो, हवा कोरडी ठक्क, आणि घरात कूलर. गिटार कूलरच्या झोतात ठेवली तर लाकूड फुगतं, कूलर बंद झाला की आकसतं. मग वरची फळी बसते किंवा फुगते, फ्रेटची टोकं कडेने बोटांना टोचायला लागतात, ब्रिज मागून उचलला जातो. विकत घेताना ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागद सरकवून बघा. सरकला तर परत या. घरी आणल्यावर केसमध्ये ठेवा, कूलर आणि गच्चीच्या भिंतीपासून लांब. आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र स्वस्तात मिळतं, पन्नास टक्क्यांच्या आसपास असू द्या. सुट्टीत महिनाभर वाजवणार नसाल तर तारा थोड्या उतरवा, पूर्ण सैल नको. नेकमधला ट्रस रॉड व्हिडिओ बघून पिळू नका, पाव फेऱ्यापेक्षा जास्त एका वेळी कधीच नाही.

ऑक्टोबर १९३७ मध्ये खाँसाहेब मद्रासहून पाँडिचेरीला निघाले होते. गाडीत छातीत दुखू लागलं आणि ते सिंगापेरुमाळकोइल या लहानशा स्टेशनवर उतरले. प्लॅटफॉर्मवरच बसले, तंबोरा जुळवायला सांगितला आणि दरबारीच्या सुरात प्रार्थना केली, असं त्यांच्या शिष्यपरंपरेत सांगतात. तिथेच २७ ऑक्टोबरला ते गेले. त्यांना मिरजेला आणून मीरासाहेबांच्या दर्ग्यात दफन केलं. दरवर्षी उरुसात तिथे त्यांच्या स्मरणार्थ गाणं होतं, मोठमोठे कलाकार येऊन गातात, आणि मागे लागलेले तंबोरे मिरजेचे असतात.