उलट्या गुरुत्वाकर्षणाचा जादूगार

माणूस जमिनीवरून सुटून छताकडे ‘पडला’ तर एका सेकंदात किती अंतर कापील? ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाचे एक जनक गॅरी गायगॅक्स यांनी १९७८ सालच्या नियमपुस्तकात याचे उत्तर देऊन ठेवले आहे : १६ फूट. ‘रिव्हर्स ग्रॅव्हिटी’ हा तो सातव्या श्रेणीचा मंत्र. जादूगाराने तो टाकला की त्या टापूतले सुटे असलेले सारे काही एक सेकंद वर कोसळते. वाटेत छत आले तर खाली आपटल्यासारखाच मार बसतो आणि सेकंद सरला की पुन्हा जमीन आहेच. मंत्र काल्पनिक, पण आकडा न्यूटनच्या हिशेबाला धरून. शालेय शिक्षणही पूर्ण न केलेल्या माणसाने तो मांडावा, यात गायगॅक्स यांचा सारा स्वभाव आला.

त्यांचा जन्म २७ जुलै १९३८ रोजी शिकागोत झाला. स्वित्झर्लंडहून आलेले वडील तिथल्या सिम्फनी ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवीत. पुढे कुटुंब विस्कॉन्सिनमधील लेक जिनिव्हा या छोट्या गावी आले आणि गायगॅक्स तिथलेच झाले. पोटासाठी विमा कंपनीत जोखमीचे गणित मांडायचे आणि रात्री टेबलावर शिशाचे सैनिक मांडून लढाया खेळायच्या, असा त्यांचा क्रम होता. १९७० मध्ये नोकरी गेली. घरात पाच मुले. तळघरात चपला-बूट दुरुस्त करून त्यांनी संसार रेटला. खेळ मात्र सोडला नाही.

मिनेसोटाच्या डेव्ह आर्नेसन यांनी त्यांना वेगळाच प्रकार दाखवला. त्यात प्रत्येक खेळाडू एकेका पात्राचे सोंग घेई आणि सूत्रधार सांगेल त्या भुयारात शिरे. या कल्पनेला नियमांची चौकट गायगॅक्स यांनी दिली. जॅक व्हान्स यांच्या कथांतून त्यांनी मंत्रांची रीत उचलली : मंत्र पाठ करायचा, आणि एकदा वापरला की तो विसरायचा. प्रकाशक मिळेना म्हणून १९७३ मध्ये बालमित्र डॉन के यांच्यासह स्वतःचीच कंपनी काढली. जानेवारी १९७४ मध्ये पहिल्या हजार प्रती निघाल्या. खोकी हातानेच भरली होती.

पुढचे यश डोळे दिपवणारे, पण सुखाचे नव्हे. के १९७५ मध्येच वारले. सुधारित आवृत्तीच्या मानधनावरून आर्नेसन १९७९ मध्ये न्यायालयात गेले. तडजोड १९८१ मध्ये झाली. कल्पना कोणाची मोठी आणि लेखणी कोणाची, हा वाद चाहत्यांत आजही रंगतो. दोघांपैकी एकाला वगळून हा खेळ उभा राहिला असता, असे मानणे कठीण आहे. त्यातच अमेरिकेतील काही धार्मिक मंडळींनी या खेळावर सैतानपूजेचा आरोप ठेवला. आणि १९८५ मध्ये भागीदारांनी समभाग विकल्याने कंपनीची सूत्रेच गायगॅक्स यांच्या हातून गेली. वर्षभरात त्यांना स्वतः उभारलेल्या घरातून बाहेर पडावे लागले. नंतर त्यांनी नवे खेळ रचले, कादंबऱ्या लिहिल्या. पहिल्याची सर कशालाच आली नाही.

४ मार्च २००८ रोजी लेक जिनिव्हातच त्यांचे निधन झाले. खेळाची मालकी तोवर दोनदा बदलली होती. ‘रिव्हर्स ग्रॅव्हिटी’ अजूनही सातव्याच श्रेणीत आहे. फक्त आता तो सेकंदभर नव्हे, मिनिटभर टिकू शकतो आणि माणसे १०० फुटांपर्यंत वर पडतात.