फुटबॉलचे गुरुजी : सय्यद अब्दुल रहीम

मनमाडहून निघालेली आगगाडी जालना, परतूर ही गावे मागे टाकीत परभणी जिल्ह्यातील सेलूला येते. तेथून परभणी, नांदेड करीत ती पुढे तेलंगणात शिरते आणि हैदराबादेतील काचीगुडा स्थानकात जाऊन पोहोचते. 1956 सालापर्यंत सारा मराठवाडा हैदराबाद संस्थानाचा, व पुढे हैदराबाद राज्याचा, भाग होता. त्यामुळे कचेरीचे काम असो, उच्च शिक्षण असो की व्यापार असो, सेलू-परभणीकडील माणसे याच लोहमार्गाने हैदराबादेस जात. त्या काचीगुडा भागातील एका शाळेत एक शिक्षक मुलांना शिकवीत असत. भारताच्या फुटबॉल संघाला आशिया खंडात पहिल्या स्थानावर नेण्याचे काम पुढे याच शिक्षकाच्या हातून घडले. त्यांचे नाव सय्यद अब्दुल रहीम. लोक त्यांना आदराने रहीमसाहेब म्हणत.

रहीमसाहेबांचा जन्म 17 ऑगस्ट 1909 रोजी हैदराबादेत झाला. उस्मानिया विद्यापीठात शिकत असताना ते विद्यापीठाच्या संघातून फुटबॉल खेळत. शिक्षण संपल्यावर त्यांनी शिक्षकाचा पेशा पत्करला. काचीगुड्याच्या शाळेनंतर शहरातील आणखी काही शाळांतून त्यांनी अध्यापन केले. पुढे शारीरिक शिक्षणाची पदविका मिळवून त्यांनी शाळेतील खेळांची जबाबदारी आपल्याकडे घेतली. शाळा सुटल्यावर ते स्वतः मैदानावर उतरत. ‘कमर क्लब’ हा तेव्हा शहरातील एक नामांकित संघ होता. त्या संघातूनही ते खेळले.

फुटबॉलला खर्च फारसा लागत नाही. एक चेंडू, एक मोकळी जागा आणि बावीस गडी एवढे जमले की सामना सुरू होतो. म्हणूनच हा खेळ मोहल्ल्यामोहल्ल्यांतून, शाळांतून आणि पोलिसांच्या वसाहतींतून वाढला. आपल्याकडे कोल्हापुरात पेठांतील तालमींनी कुस्तीबरोबर फुटबॉलचेही संघ उभे केले आणि एकेका संघामागे सारी पेठ उभी राहू लागली. हैदराबादेतील छोट्या क्लबांचेही तसेच होते. मुलांत उत्साह भरपूर होता, परंतु त्या उत्साहाला शिस्त नव्हती. ज्याच्या पायाशी चेंडू येई, तो एकटाच गोलपर्यंत जाण्याची धडपड करी. उरलेले दहा जण नुसते मागे धावत.

1943 साली रहीमसाहेब हैदराबाद फुटबॉल संघटनेचे चिटणीस झाले. हा दोष काढून टाकण्यासाठी त्यांनी एक मोठी गमतीची युक्ती योजिली. त्यांनी लहान मुलांसाठी निराळ्याच नियमांच्या स्पर्धा भरविल्या. एका स्पर्धेत चेंडू पायाशी खेळवीत एकट्याने पुढे नेण्यास मनाई होती. चेंडू आला की तो लागलीच सोबत्याकडे द्यावयाचा. दुसऱ्या स्पर्धेत चेंडूला आपल्या दुबळ्या पायानेच मारावे लागे, म्हणजे उजव्या पायाच्या मुलाने डाव्या पायाने आणि डाव्या पायाच्या मुलाने उजव्या पायाने. असा सामना तुम्ही एकदा खेळून पाहा! प्रारंभी चेंडू भलतीकडेच जातो आणि पाहणाऱ्यांना हसू आवरत नाही. पण थोड्याच दिवसांत दुबळा पाय कामाला लागतो. शिवाय चेंडू जवळ ठेवता येत नसल्यामुळे आपला सोबती कोठे उभा आहे, हे मान वर करून पाहावेच लागते. सोबत्याकडे पाहण्याची ही सवय रहीमसाहेबांना मुलांना लावावयाची होती. चेंडूला पायाचा एकच स्पर्श करून तो पुढे धाडावयाचा, ही त्यांच्या संघांची ओळख झाली. तिचे मूळ या पोरवयातील खेळांत होते.

1950 साली हैदराबाद पोलीस संघाचे प्रशिक्षण त्यांच्याकडे आले. मुंबईची रोव्हर्स चषक स्पर्धा त्या काळी देशातील मोठ्या स्पर्धांपैकी एक होती. 1950 पासून 1954 पर्यंत ओळीने पाच वर्षे हा चषक हैदराबाद पोलिसांनी जिंकला. भारतीय संघाचेही ते प्रशिक्षक झाले. 1951 साली दिल्लीत पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या. तेथे इराणला एक गोलने हरवून भारताने फुटबॉलचे सुवर्णपदक मिळविले.

पुढच्याच वर्षी मात्र मोठी नामुष्की वाट्याला आली. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कुस्तीत कांस्यपदक मिळवीत होते. त्याच ऑलिंपिकमध्ये भारतीय फुटबॉल संघ युगोस्लाव्हियाकडून दहा विरुद्ध एक अशा गोलसंख्येने हरला. आपले अनेक खेळाडू थंडीत अनवाणी पायांनी खेळले होते. या पराभवानंतर खेळाडूंना बुटांची सक्ती झाली. रहीमसाहेबांनीही या पराभवाची मीमांसा बारकाईने केली. युरोपातील संघांनी बचावाची आणि चढाईची नवी रचना सिद्ध केली होती. आपला जुना खेळ तिच्यापुढे टिकणार नाही, हे त्यांनी ओळखले.

चार वर्षांनी मेलबोर्न ऑलिंपिकमध्ये या अभ्यासाचे फळ दिसले. 1 डिसेंबर 1956 रोजी भारताने यजमान ऑस्ट्रेलियाचा चार विरुद्ध दोन गोलांनी पराभव केला. त्यांतील तीन गोल मुंबईत खेळणाऱ्या नेव्हिल डिसोझा या गोमंतकीय खेळाडूने केले. भारत उपांत्य फेरीत पोहोचला आणि अखेर चौथा आला.

या संघात तुळसीदास बलराम नावाचा एक तरुण होता. सिकंदराबादजवळच्या अम्मुगुडा वस्तीतील एका गरीब घरातला हा मुलगा. बूट घेण्यासही घरी पैसे नव्हते. रहीमसाहेबांनी त्याचा खेळ पाहिला आणि त्याला सरावास बोलाविले. पण अम्मुगुड्याहून रोज इतक्या दूर यावयाचे कसे, हा प्रश्न होता. तेव्हा रहीमसाहेबांनी त्याच्यासाठी भाड्याच्या सायकलची सोय केली. बलराम पुढे भारताच्या श्रेष्ठ खेळाडूंत गणला गेला.

परक्या मुलासाठी सायकलची चिंता वाहणारा हा प्रशिक्षक स्वतःच्या मुलाच्या बाबतीत मात्र कठोर होता. 1960 च्या रोम ऑलिंपिकसाठी गेलेल्या संघात त्यांचे पुत्र सय्यद शाहिद हकीम यांची निवड झाली होती. पण हकीम यांना तेथे एकाही सामन्यात उतरविण्यात आले नाही. पित्याच्या हाती सत्ता असताना पुत्राने बाजूला बसून सामने पाहावेत, हे दोघांनाही सोपे गेले नसेल.

1962 साली आशियाई क्रीडास्पर्धा इंडोनेशियातील जाकार्ता शहरी भरल्या. तोवर रहीमसाहेबांना कर्करोगाने ग्रासले होते. तरीही ते संघाबरोबर गेले. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला दोन गोलांनी हरविले. त्यानंतर थायलंडविरुद्धचा सामना भारताने जिंकला, पण त्यात आपले आघाडीचे बचावपटू जर्नेलसिंग यांच्या डोक्याला जखम होऊन टाके घालावे लागले. जर्नेलसिंग हे फाळणीच्या वेळी अकरा वर्षांचे असताना लायलपूरकडील घर सोडून भारतात आले होते. जपानविरुद्ध ते खेळू शकले नाहीत. तो सामनाही भारताने जिंकला.

आता उपांत्य सामना आला. डोक्याला टाके असलेला माणूस बचावाच्या फळीत धसमुसळ्या खेळात कसा उतरवावा? आणि असा मोहरा बाहेर तरी कसा बसवावा? रहीमसाहेबांनी कोणाच्या मनातही न आलेला निर्णय घेतला. बचाव करणाऱ्या जर्नेलसिंगांना त्यांनी चढाईच्या फळीत मध्यभागी उभे केले आणि त्यांची मागची जागा अरुण घोष यांना दिली. डोक्याला पट्टी बांधून जर्नेलसिंग मैदानात उतरले, आणि दक्षिण व्हिएतनामविरुद्ध त्यांनी एक गोलही केला. भारत तीन विरुद्ध दोन गोलांनी जिंकला.

अंतिम सामना पुन्हा दक्षिण कोरियाशीच होता. इकडे शहरात भारताविरुद्ध मोठा क्षोभ माजला होता. इस्रायल व तैवान या देशांना या स्पर्धांत येऊ दिले नव्हते आणि त्याबद्दल आशियाई क्रीडा महासंघातील एका भारतीय पदाधिकाऱ्याने हरकत घेतली होती. त्याचा राग लोक खेळाडूंवर काढीत होते. खेळाडूंच्या मोटारीवरील तिरंगा उतरवून ठेवावा लागला, आणि बाहेरच्यांच्या दृष्टीस पडू नये म्हणून खेळाडू आसने सोडून खाली बसून गेले. आदल्या रात्री कोणाला नीट झोप आली नाही. रहीमसाहेबांनी खेळाडूंना एवढेच सांगितले, की उद्या मला तुमच्याकडून एक भेट हवी आहे आणि ती सुवर्णपदकाची.

4 सप्टेंबर 1962 रोजी सुमारे एक लाख प्रेक्षकांसमोर सामना सुरू झाला. भारताचे राष्ट्रगीत चालू असताना प्रेक्षकांनी हुर्यो उडविली. त्या साऱ्या समुदायात भारताच्या बाजूने ओरडणारा एक लहानसा गट होता. तो होता पाकिस्तानच्या हॉकी संघाचा! भारतीय संघात कर्णधार चुनी गोस्वामी, प्रदीपकुमार बॅनर्जी आणि अरुण घोष बंगालचे होते. बलराम, युसूफ खान आणि आजारातून उठलेले गोलरक्षक पीटर थंगराज हैदराबादचे होते. चंद्रशेखर केरळचे, फॉर्च्युनाटो फ्रँको गोव्याचे, जर्नेलसिंग पंजाबचे. सर्वांची मातृभाषा एक नव्हती. पण सोबती कोठे आहे हे पाहून चेंडू देण्याची भाषा सर्वांना येत होती.

सतराव्या मिनिटाला प्रदीपकुमारांनी पहिला गोल केला. विसाव्या मिनिटाला पट्टी बांधलेल्या जर्नेलसिंगांनी दुसरा केला. प्रेक्षागारातील गोंगाट एकदम मावळला. त्यानंतर तासाभराहून अधिक वेळ कोरियाचे खेळाडू धडका देत राहिले आणि भारतीय बचावफळी त्या परतवीत राहिली. सामना संपण्यास पाच मिनिटे उरली असताना कोरियाने एक गोल केला. ती पाच मिनिटे भारताने कशीबशी काढली आणि दोन विरुद्ध एक गोलने सुवर्णपदक जिंकले. रहीमसाहेबांना हवी असलेली भेट मिळाली.

मायदेशी परतल्यावर त्यांचा आजार बळावत गेला. 11 जून 1963 रोजी हैदराबादेत त्यांचे निधन झाले. तेव्हा ते त्रेपन्न वर्षांचे होते. आशियाई स्पर्धांत फुटबॉलचे सुवर्णपदक भारताला त्यानंतर मिळालेले नाही. 1970 साली बँकॉकला कांस्यपदक मिळाले, त्या संघाचे एक प्रशिक्षक होते जाकार्तात पहिला गोल करणारे प्रदीपकुमार बॅनर्जी.